आंब्याचा सीझन आणि ३१ मार्च

बी-३०२ दादा: मंडळी एक विचारायचं होतं. जर्मनीच्या पार्टीने पल्पच्या ऑर्डरबरोबर फॉर्म पाठवलाय, फॅक्टरी कुठल्या विजेवर चालते, सोलार वगैरे किती टक्के. मी काय लिहू? आपल्या सोसायटीच्या गच्चीवरच्या सोलारचा अनुभव कसाय तोही सांगा, शेडवर पत्रा रिकामाच आहे

१०१ नाना: लिही कोयनेच्या पाण्यार चालता म्हणून. पोफळी काय लांब आसा?

दवाखाना वहिनी: 😂😂

१०१ नाना: हसू नको गो. तारेत गेली काय वीज सगळी सारकीच. ती कोयनेची काय आणि जयगडच्या कोळशाची काय, कोणाक कळतला?

सेक्रेटरी: नाना बरोबर बोलतायत, तार एकच. म्हणून हिशेब कागदावर चालतो. दादा तू ग्रीन टॅरिफ घेतलंस तर महावितरण तुझ्याइतके युनिट रिन्यूएबलमधून घेतले असं दाखवते आणि तसं सर्टिफिकेट देते. २०२१ ला राज्याच्या वीज नियामक आयोगाने ठरवलं तेव्हा युनिटला ६६ पैसे जादा होते, फॉर्म भरताना चालू दर बघून घे. नवीन मीटर नको, पत्र्याला भोकं नकोत

बी-३०२ दादा: मग सोलार कशाला? पण सोलारवाला म्हणतो ९० किलोवॅट लावा, बिल झिरो

सेक्रेटरी: थांब, घाई करू नको. तुझं सीझन सोडून बिल किती युनिटचं येतं?

बी-३०२ दादा: कोल्ड स्टोरेजचं साडेतीन हजार. एप्रिल मे मात्र वीस हजारांवर जातं, जूनमध्ये उतरतं

सेक्रेटरी: आता बघ. एक किलोवॅटचे दिवसाला सरासरी ४ युनिट धर, म्हणजे ९० चे महिन्याला दहा हजार आठशे. ऑक्टोबर ते मार्च सहा महिन्यांत झाले ६५ हजार आणि तू वापरणार २१ हजार, उरलेले चाळीसएक हजार महावितरणकडे तुझ्या खात्यात जमा होतात, तू खूश होतोस की सीझनला कामाला येतील, आणि ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपलं की महावितरण ते कमी दराने विकत घेते आणि खातं शून्य. तुझा पहिला आंबा पल्परमध्ये पडतो १० एप्रिलला! देवगड रत्नागिरीच्या फॅक्टरीवाल्यांसाठी याहून वाईट तारीख शोधून सापडायची नाही

बी-३०२ दादा: आयला!! हे त्याने नाही सांगितलं

१०१ नाना: तो कित्याक सांगात

सेक्रेटरी: म्हणून माझं मत, कोल्ड स्टोरेजपुरतं ३० किलोवॅट लाव. महिन्याला ३६०० युनिट, तीन हजार स्क्वेअर फूट पत्रा लागेल. बाकी ४५-५० हजार युनिट वर्षाला विकतचे राहतात, त्यावर ग्रीन टॅरिफ, ६६ पैशांनी धरलं तर ३० हजारांच्या आसपास. फक्त सीझनपुरतं घेतो म्हणशील तर नाही चालत, निदान वर्षभरासाठी सांगावं लागतं

बी-३०२ दादा: ३० हजार म्हणजे एका कंटेनरच्या मानाने काहीच नाही. आणि ते बाहेरून सोलार कंपनीकडून डायरेक्ट वीज घेतात ते?

सेक्रेटरी: ओपन ॲक्सेस. आधी त्याला १ मेगावॅटचा लोड लागायचा, २०२२ च्या नियमांनी १०० किलोवॅटवर आणला. तुझा लोड ९०. पॅकिंगच्या शेडचं मीटर त्याच डिव्हिजनमध्ये असेल तर दोन्ही मिळून बसशील पण वहनाचे चार्जेस बघता एवढ्याशासाठी नको, हे माझं मत हां. आणि आधी पार्टीलाच मेल टाक की त्यांना कुठला कागद चालतो, नाहीतर सगळं करून बसशील आणि ते म्हणतील हा नको तो हवा

दवाखाना वहिनी: माझं पण घुसवते मध्ये. दवाखान्याला सबसिडी मिळेल का, ती ७८ हजारवाली?

सेक्रेटरी: नाही वहिनी ती घरगुतीला. सोसायटीच्या कॉमन मीटरला किलोवॅटमागे १८ हजार, आपण तीच घेतली. दुकान दवाखाना फॅक्टरी सगळे स्वतःच्या खिशातून

दवाखाना वहिनी: चालेल, मला लाईट गेल्यावर लसींचा फ्रीज चालायला हवा बस

सेक्रेटरी: तिथेच सगळे फसतात. लाईट गेली की सोलार पण बंद पडतं, भर उन्हात सुद्धा. लाइनमन खांबावर चढलेला असताना तुमच्या पॅनलची वीज तारेत गेली तर तो जाईल ना, म्हणून इन्व्हर्टर स्वतःच बंद होतो. फ्रीजसाठी बॅटरी वेगळी घ्यावी लागेल

दवाखाना वहिनी: म्हणजे तौक्तेच्या वेळी गच्चीवर पॅनल असतं तरी आम्ही अंधारातच 🙄

१०१ नाना: आणि पावसात काय करतास? सूर्य खंय दिसता?

सेक्रेटरी: नाना जुलैत आपल्याला एप्रिलच्या निम्मे पण नाही आले, ते धरूनच चालायचं. मला पावसापेक्षा मिठाची भीती. काल पाना घेऊन वर गेलो होतो, समुद्राकडच्या रांगेतला एक नट फिरवला तर हातात पिवळा भुगा आला, बोल्टचे आटेच उरले नव्हते, आणि पॅनलच्या खालच्या कडेला बोटाने खरवडलं तर पांढरा थर, चव घेऊन बघितली, खारट. ठेकेदाराने स्टेनलेस सांगून साधे लावले होते, आता फोन उचलत नाही. दादा तुझी शेड तर खाडीलाच टेकलेली. कोटेशनमध्ये नट बोल्ट स्टेनलेस आणि स्ट्रक्चर हॉट डिप गॅल्वनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेलं) हे लिहून घे, तोंडी नको

बी-३०२ दादा: रविवारी वर येऊन बघतो, फोटो काढून माझ्या सोलारवाल्याला दाखवतो. गच्चीची किल्ली कोणाकडे?

१०१ नाना: माझ्याकडे. नऊच्या आदी ये, मगे पत्रो तापता. आणि येताना रिकाम्या हातान येव नको, पल्प घेवन ये