ध्यानाला बसलं की विचार उलट वाढतात, राग आला तरी कळत नाही. काय चुकतंय?

नाशिकची_ताई
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत इगतपुरीला धम्मगिरीवर १० दिवसांचं विपश्यना शिबिर केलं, पहाटे ४ ची घंटा, फोन नाही, कुणाशी बोलणं नाही, आणि शेवटी शेवटी मन खरंच शांत झालं होतं. घरी गेल्यावर सकाळ संध्याकाळ एकेक तास बसा म्हणून सांगितलंय, माझा सकाळचा अर्धा तास कसाबसा होतो. पण श्वासावर दोन मिनिटं राहिले की लगेच डबा, मुलाची फी, सासूबाई काल काय बोलल्या, त्यावर मी काय बोलायला पाहिजे होतं, असं अख्खं भांडण मनातल्या मनात होतं आणि घड्याळ बघते तर वीस मिनिटं गेलेली. त्याहून वाईट म्हणजे परवा मुलगा सतराचा पाढा तीनदा चुकला तर मी पुस्तक आपटलं. त्याचं तोंड एवढंसं झालं. राग येतोय हे मला आपटल्यावर कळलं, आधी काहीच नाही. मग बसून उपयोग काय? खूप वाईट वाटतंय म्हणून विचारतेय.

जुना_साधक
ताई, वीस मिनिटांनी का होईना, "अरे मी भांडतेय" हे कळलं ना? तोच क्षण ध्यानाचा. विचार वाढलेले नाहीत, ते आधीपासून चालूच होते, फक्त दिसत नव्हते. आठवा, तिथे पहिले तीन दिवस नुसतं आनापान, म्हणजे येणारा-जाणारा श्वास बघणं, करून घेतात, नाकपुड्यांच्या खाली आणि वरच्या ओठाच्या वर एवढ्याशा जागेत लक्ष ठेवायचं, आणि मग चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगावरच्या संवेदना बघणं, देतात. घरी आपण थेट अंगावरच्या संवेदना बघायला जातो आणि मनाची तेवढी तयारीच झालेली नसते. अर्ध्या तासातली पहिली पंधरा मिनिटं आनापानालाच द्या, फारच पळत असेल मन तर चार-पाच श्वास मुद्दाम जरा जोरात घ्या.
रागाचं म्हणाल तर या शिबिरांची पद्धत शिकवणारे गोएंका गुरुजी प्रवचनात सांगतात की मनात विकार जागला की श्वासाची लय बिघडते आणि अंगात काहीतरी संवेदना सुरू होते. म्हणजे राग पकडायला जाऊ नका, तो सापडत नाही, अंग बघा. माझे कान तापतात. मीटिंगमध्ये कुणी माझं बोलणं मध्येच तोडलं की आधी कान गरम आणि मग तोंडातून वाकडं वाक्य. हे एवढं ओळखायला मला दोन वर्षं लागली.

पोहे_आणि_चहा
मी महासी सयाडॉ या भिक्खूंच्या पद्धतीने करते, गोएंका गुरुजींसारखे तेही बर्माचेच. त्यात पोट वर येतं खाली जातं ते बघायचं आणि मध्ये जे येईल त्याला मनात छोटं नाव द्यायचं, "विचार, विचार" किंवा "काळजी". नाव दिलं की मी त्या भांडणातून बाहेर येते, बहुतेक वेळा तरी. आणि "मी रागावलेय" म्हणायचं नाही, नुसतं "राग". एका शब्दाचा फरक आहे पण करून बघा. २००७ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात लिबरमन आणि सहकाऱ्यांनी मेंदूचे स्कॅन घेतले होते, चेहऱ्यावरची भावना शब्दात सांगितली की अमिग्डलाची, म्हणजे मेंदूतल्या भीती-रागाशी जोडलेल्या भागाची, हालचाल कमी होते असं त्यात दिसलं. मी भाकऱ्या थापतानाही करते, तव्याची धग हाताला लागते तेव्हा "गरम, गरम".

जुना_साधक
नाव देण्याची पद्धतही चांगलीच आहे, फक्त गुरुजींच्या पद्धतीत श्वासाला शब्द जोडू नका असं स्पष्ट सांगतात. ताईंनी एक काहीतरी सहा महिने धरून ठेवावं, दोन्हींची भेळ केली की काहीच मुरत नाही.

कोकणातून
एक सांगायचं राहू नये म्हणून लिहितोय. आई गेली त्या वर्षी मी डोळे मिटून बसलो की छातीत धडधड सुरू व्हायची आणि रात्रभर झोप नाही. मी हट्टाने बसत राहिलो, ते चुकलं. मग डॉक्टरांकडे गेलो, गोळ्या चालू झाल्या आणि ध्यान बंद न करता बदललं, डोळे उघडे ठेवून अंगणात हळूहळू चालायचं, पाय कुठे टेकतोय एवढंच बघायचं. कुणाला असं होत असेल तर एकट्याने रेटू नका, ध्यान जमतंय म्हणून मनाने गोळ्या सोडू नका, आणि शिबिराच्या फॉर्ममध्ये आजाराचं विचारतात तिथे खरं लिहा.

नाशिकची_ताई
सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर फक्त आनापान केलं. काल परत पाढे. "सतरा चोक चौसष्ट" म्हणाला आणि माझे दात आवळले गेले, डावीकडचा जबडा दगडासारखा, आणि हे मला तेव्हाच कळलं. आवाज चढलाच थोडा, पण पुस्तक हातात राहिलं. तो माझ्याकडे बघत होता, मग आपणहून म्हणाला "अडुसष्ट".
आता एवढं सांगा, संध्याकाळची बैठक तुम्ही लोक किती वाजता करता? माझ्याकडे सात ते नऊ कुकर, अभ्यास आणि टीव्ही सगळं एकदमच चालू असतं.