मदत हवी आहे: रीफ टँकमध्ये पुढून वाळू उडतेय आणि खडकामागे पाणी हलत नाही

खारटपाणी:
कोरलचा खाऱ्या पाण्याचा (रीफ) टँक १२० × ५० × ५० सेंमी, खडक-वाळू वजा जाता पाणी साधारण २५० लिटर. सम्प (फिल्टरची वेगळी टाकी) खाली. सम्पमधून पाणी वर टँकमध्ये ढकलणाऱ्या रिटर्न पंपावर ताशी ३००० लिटर छापलंय. वेव्हमेकर (टँकमध्येच पाणी हलवणारे पंप) दोन, प्रत्येकी ताशी ५००० लिटरचे. दोन्ही उजव्या काचेवर एकाखाली एक, दोन्ही १०० टक्क्यांवर. वाळू अगदी बारीक, साखरेसारखी, थर ४ सेंमी. खडक मागच्या काचेला टेकलेले.

त्रास असा: पुढच्या डाव्या कोपऱ्यात वाळू उडून तळाची काच दिसते. टॉर्च कोरल (लांब मऊ टेंटॅकल, म्हणजे स्पर्शिका, असलेलं कोरल) उजव्या बाजूने आक्रसलंय, त्या कडेला सांगाडा उघडा पडलाय. खडकांमागे लाल बुळबुळीत थर. वरचा वेव्हमेकर मधूनच बारीक बुडबुडे सोडतो. नायट्रेट ५, फॉस्फेट ०.०५.

दोन्ही वेव्हमेकर मिळून तासाला टँकच्या ४० पट पाणी फिरतंय. मग कमी कुठे पडतंय? तिसरा वेव्हमेकर घ्यावा का?

सम्पवाला:
तिसरा घेऊ नका. ४० पट हा आकडा खोक्यावरचा आहे, कोरलपाशी काय पोचतं ते त्यातून कळत नाही. तुमचे दोन्ही झोत एकाच दिशेने जाऊन डाव्या काचेवर आपटतात, तिथून खाली वळतात आणि वाळू खणतात. तिसरा लावलात तर खड्डा तेवढा वाढेल.

एक वेव्हमेकर डाव्या काचेवर न्या. दोन्ही पाण्याच्या पातळीपासून १२-१५ सेंमी खाली, पण एकमेकांपेक्षा थोडे वरखाली. तोंडं किंचित वर आणि पुढच्या काचेकडे तिरकी ठेवा, म्हणजे झोत खडकांच्या वर, मध्यापासून जरा बाजूला एकमेकांत घुसतील. तिथे जो गोंधळ होतो तोच हवा असतो. एकाच दिशेच्या संथ प्रवाहात कोरलच्या अंगालगत पाण्याचा जवळजवळ स्थिर थर राहतो आणि वायू व अन्नाची देवाणघेवाण मंदावते. उलटसुलट पाण्याने तो थर पातळ होतो.

सुरुवात दोन्हींच्या सरासरी ४५ टक्क्यांवर करा: काही मिनिटं उजवा ६० आणि डावा ३०, मग उलट. दर आठवड्याला ५ टक्के वाढवा, वाळू सरकायला लागली की एक पायरी मागे या.

बुडबुडे म्हणजे पंप वरून भोवरा करून हवा ओढतोय. खाली घेतला की थांबतील. पृष्ठभागावर लहरी मात्र दिसल्या पाहिजेत, नाहीतर तेलकट साय धरते आणि वायुविनिमय घटतो.

पॉलिप:
सहमत. टॉर्चचं आधी बघा. त्याचे टेंटॅकल झुलून परत यायला हवेत. सतत एकाच बाजूला दाबलेले राहिले तर सांगाड्याची धारदार कड मांसाला कापते, उजवीकडे नेमकं तेच झालंय. त्याला झोताच्या रेषेतून काढून खाली, आडोशाला ठेवा. ॲक्रोपोरा (फांद्यांचं कडक कोरल) असेल तर उलट, तो वर, झोत मिसळतात तिथे.

वेग बघायची सोपी रीत: गोठवलेलं आर्टेमिया (माशांच्या खाद्यातली बारीक कोळंबी) वितळवून चिमूटभर सोडा आणि एक कण ३० सेंमी जायला किती सेकंद घेतो ते मोजा. दोन-तीन सेकंद लागले तर तो पट्टा ॲक्रोपोराला चालेल, टॉर्चला तो जास्त होईल. कण जिथे गोल फिरत बसतात किंवा खाली बसतात ती मृत जागा.

लाल थर म्हणजे सायनो, ते शेवाळ नाही, जिवाणू आहेत. निव्वळ प्रवाह वाढवून जात नाहीत, पण साचलेली घाण हे त्यांचं खाद्य. खडक मागच्या काचेपासून ६-७ सेंमी पुढे घ्या आणि बुडाशी आरपार वाट ठेवा. हे पाणी बदलायच्या दिवशीच करा: आधी ६ मिमी नळीने थर ओढून घ्या, मग खडक हलवा, सम्पमध्ये फिल्टर सॉक (घाण अडवणारी कापडी पिशवी) लावलेला असू द्या. जुन्या वाळूचा थर खोलवर एकदम ढवळू नका.

खारटपाणी:
आभारी आहे. वाळू बदलावीच लागेल का? आणि रिटर्नचा नोझल (पाणी टँकमध्ये सोडणारं तोंड) वर, पातळीजवळ घेतला तर?

सम्पवाला:
सगळी नाही. १-२ मिमी दाण्याची वाळू धुऊन, पंप बंद करून, नळीतून वरून पसरा. बारीक दाणे खाली झिरपतात, जाडे वर टिकतात.

नोझल वर घ्या, उत्तमच. वीज गेल्यावर पाणी नोझलच्या तोंडापर्यंत उतरून सम्पमध्ये येतं. तुमच्या टँकमध्ये दर सेंमीला ६ लिटर, म्हणजे तोंड २ सेंमी खाली असेल तर १२ लिटर, शिवाय पाइपातलं. सम्पमध्ये तेवढी जागा सोडा आणि मुद्दाम पंप बंद करून एकदा बघा. पाणी उलट ओढलं जाऊ नये म्हणून रिटर्नच्या पाइपाला पाडतात त्या सायफन तोडायच्या भोकावरच विसंबू नका, त्यात गोगलगाय अडकते.

रिटर्नचे ३००० म्हणजे पाणी वर चढवायचं नसताना, शून्य उंचीवरचे. १० लिटरची बादली भरायला २४ सेकंद लागले तर प्रत्यक्षात ताशी १५०० मिळतात. सम्पसाठी तेवढे भरपूर झाले.

मोठीलाट:
एक राहिलं. पंप बदलण्याआधी साफ करा. इम्पेलरवर (पंपातल्या फिरत्या चाकावर) चुन्याची पुटं चढली की प्रवाह हळूहळू घटतो आणि लक्षातही येत नाही. १ लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, त्यात पंप अर्धा तास चालवा, मग गोड्या पाण्याने नीट धुवा. चुंबकाच्या आवरणाला तडा दिसला तर इम्पेलर फेकून द्या, आतला गंज थेट टँकमध्ये जातो. आणि साफ केलेला पंप जुन्याच टक्क्यांवर सुरू करू नका, पहिल्याच दिवशी वाळू उडेल.