खोल श्वासानं गरगरतं त्याबद्दल

वर ताईंनी लिहिलंय ना की खोल श्वास घ्यायला गेलं की गरगरतं, बोटांना मुंग्या येतात, माझंही सुरुवातीला सेम झालेलं. मी सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघतो, सौद्यांच्या सीझनला डोकं पार आऊट होतं, मग टेन्शन आलं की भसाभस मोठे श्वास घ्यायचो. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि चक्कर येते, म्हणजे करायला गेलो एक!

आता पोटावर हात ठेवून ४ मोजत नाकानं आत, ६ मोजत हळू बाहेर, पाचेक मिनिटं, बास. श्वास सोडताना ठोके जरा मंदावतात म्हणून सोडणं लांब ठेवायचं. हाताला हळद असते त्यामुळं शर्टावर पिवळा पंजा उमटतो, बायको ओरडते, चालायचंच.

रात्री मोबाईलवर ऑडिओ लावून आडवा पडतो, पायाची बोटं आवळा, सोडा, मग पोटऱ्या, मांड्या असं वर वर यायचं, आपल्या शवासनासारखंच वाटतं पण आवळून सोडायची ही पद्धत जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरची. खांद्यापर्यंत पोचलोय असं अजून एकदाही झालं नाही, आधीच घोरायला लागतो. ताई, गरगरलं की मोजणं सोडून द्या आणि नेहमीसारखा श्वास चालू द्या, छातीत दुखत असेल तर मात्र डॉक्टरच गाठा.