मदत हवी आहे: कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी बाभूळ घेऊ की साग?

वडिलांची कुऱ्हाड माझ्याकडे आहे. पातं दीड किलोचं, अजून खणखणीत. मूळ दांडा धामणीच्या लाकडाचा होता, वीसेक वर्षं चालला. शेवटी पाचरीपाशी भुगा व्हायला लागला म्हणून काढला आणि तयार दांडा आणून बसवला. तो चार महिन्यांत गेला. ओंडका फोडत होतो, दुसऱ्या घावाला दांडा मोडला आणि पातं बाजूने उडून गेलं. कुणाला लागलं नाही, पण मुलगा चार पावलांवर उभा होता. ते आठवलं की अजून हातापायांतलं बळ जातं. त्यामुळे आता दांडा स्वतः करायचा, आणि समजून करायचा.

तुटलेला तुकडा समोर घेऊन बसलो. तो आडवा मोडलेला नाही. पात्याखाली चार बोटांवर सुरुवात होऊन वीतभर तिरका चिरत गेलाय, आणि चिरलेली बाजू हाताला जवळजवळ गुळगुळीत लागते. कडेने बघितलं तर लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीने जातच नाहीत. एका बाजूने शिरतात आणि वीतभरात दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात. धामणीच्या जुन्या दांड्यात मात्र एखादी रेष नखाने धरली की थेट बुडापर्यंत नेता येते. वरून पॉलिश इतकं चकचकीत होतं की घेताना हे दिसलंच नाही.

धामण आता मिळत नाहीये. हाताशी दोनच गोष्टी आहेत. आठ महिन्यांपूर्वी तोडलेली बाभळीची फांदी, पाच इंच जाड, तीन फूट लांब, सालीसकट ठेवलेली. आणि चौकटीतून उरलेली सागाची पट्टी, पूर्ण वाळलेली, दिसायला सुरेख. माझं मन सागाकडे ओढतंय, कारण तो वाकत नाही आणि कुजत नाही. बरोबर आहे का? आणि बाभूळ घ्यायची तर ती वाळली हे ओळखायचं कसं?

प्रतिसाद १

साग नको. तुम्ही म्हणता ते त्याचे गुण खरेच आहेत, पण ते दारं-खिडक्यांसाठीचे. दांड्याला वेगळं लागतं: धक्का बसला की किंचित लवायचं आणि परत सरळ व्हायचं. सागाला तो झटका सोसत नाही. रंध्याच्या किंवा कानशीच्या मुठीला तो छान, कुऱ्हाडीला नाही. धामण आणि धावडा दांड्यांसाठी नावाजलेले आहेत ते या चिवटपणामुळेच. परदेशात त्याच कामाला हिकरी आणि ॲश वापरतात. बाभूळ त्यांच्याइतकी लवचिक नाही आणि वजनाला जड आहे, पण कणखर आहे. तुमच्या दोन्हींत तीच घ्या.

मात्र करवतीने कापू नका, पाचरी ठोकून फोडा. करवत आखलेल्या रेघेवर जाते, फाट मात्र लाकडाच्या रेषेने जाते. तुमचा दांडा जसा तुटला तसं होऊ नये याचा याहून सोपा उपाय मला माहीत नाही. चार फाळी करा, म्हणजे फांदीच्या मधोमध असलेला मऊ ठिपका दांड्यात येणार नाही. तो आत राहिला तर वाळताना हमखास तडा जातो. पात्याखालच्या वीतभर भागात गाठ नको. लाकडातली वाढीची वलयं आडवी की उभी यावर लोक वाद घालतात. पात्याच्या दिशेने धावणारी असली तर उत्तम, पण रेष सलग असणं त्याहून कितीतरी महत्त्वाचं.

साल आजच काढा. सालीखाली किडे शिरतात, आणि बाभळीचं बाहेरचं फिकट लाकूड त्यांना फार आवडतं. दोन्ही टोकांना मेण किंवा जाड रंग लावा. वाळलंय का हे वजनावर ठरवा: दर आठवड्याला वजन करा, उतरायचं थांबलं की घडवायला घ्या. ओलं बसवलंत तर भोकात आकसेल आणि पातं पुन्हा हलेल.

प्रतिसाद २

एक भर घालतो. पातं सैल झालं की अनेकजण कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवतात. लाकूड फुगतं, घट्ट वाटतं, पण भोकात चेपलेले तंतू वाळल्यावर आधीपेक्षा जास्त आकसतात. तुमच्या जुन्या दांड्याचा पाचरीपाशी भुगा झाला तो कदाचित असाच. त्यापेक्षा पाचर बदला, आणि पॉलिशऐवजी जवसाचं तेल मुरवा.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. वडील खरंच कुऱ्हाड बादलीत ठेवायचे!

आज फांदी फोडली. दोन फाळी दोरीसारखी पिळलेली निघाली, ती बाजूला ठेवली. तिसऱ्यात गाठ आहे, पण खाली, मुठीच्याही पलीकडे. चौथं टोकापासून टोकापर्यंत सरळ. साल काढली, टोकांना मेण लावलं. आजचं वजन 2 किलो 600 ग्रॅम. फाळीवरच पेन्सिलीने लिहून ठेवलंय.