परदेशी भाषेचा वर्ग : व्हिडिओ आणि फोटो हवेत की नकोत?

चाफा (धागाकर्ती) :
गेले चार महिने पुण्यात जर्मनच्या ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पातळीच्या वर्गाला जातेय. शनिवार-रविवार, तीन-तीन तास. गेल्या रविवारी त्यातला पाऊण तास व्हिडिओ बघण्यात गेला. दोन मैत्रिणी भाड्याचं घर शोधताहेत, एवढी गोष्ट सगळ्यांना कळली, कारण ती चेहऱ्यांवरूनच कळत होती. मग बाईंनी "काय झालं ते सांगा" म्हटलं, तर अठरा जणांत एकालाही धड वाक्य जमेना.

फोटोंचंही तेच. चमचा, काटा, सुरी दाखवली. जर्मनमध्ये चमचा 'डेअर' म्हणजे पुल्लिंगी, काटा 'डी' म्हणजे स्त्रीलिंगी, सुरी 'दास' म्हणजे नपुंसकलिंगी. फोटो बघितला की माझ्या डोक्यात 'तो काटा' आणि 'ती सुरी'च येते. त्या फोटोत 'दास' कुठे दिसतं?

व्हिडिओ घरी बघता येतात. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे अख्खे कोर्स फुकट आहेत. वर्गात समोर बोलायला माणसं असतात, तो वेळ बोलण्यालाच द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

खडूफळा :
चाफाताई, पाऊण तास सलग व्हिडिओ लावणं चूकच. पण म्हणून चित्रच नको, हे मला पटत नाही. मी जर्मन शिकवते.

आपल्याकडे बाटली 'ठेवतो', पुस्तकही 'ठेवतो'. जर्मनमध्ये उभं ठेवलं तर 'श्टेलेन', आडवं ठेवलं तर 'लेगेन'. शिवाय वस्तू टेबलाकडे जात असेल तर 'आउफ डेन टिश' आणि टेबलावर असेल तर 'आउफ डेम टिश'. हे मी कितीतरी वर्षं फळ्यावर तक्ता काढून शिकवलं. मुलं तक्ता पाठ करायची आणि बोलताना अडखळायची. आता वीस सेकंदांचा व्हिडिओ लावते, आवाज बंद. एक हात बाटली घेऊन येतो. टेकायच्या आधी थांबवते, वर्ग म्हणतो 'डेन'. बाटली टेकली, वर्ग म्हणतो 'डेम'. त्या वीस सेकंदांत मी एक अक्षर बोलत नाही, सगळं मुलं बोलतात. तुम्हाला बोलणंच हवंय ना?

आणि ए-वनच्या तोंडी परीक्षेत तिसऱ्या भागात चित्रांची कार्डंच असतात. कार्डावरची वस्तू बघून समोरच्याला विनंती करायची असते. सराव कशावर करणार?

जुना फ्रेंचवाला :
हा वाद नवा नाही. १९६० च्या आसपास फ्रान्समध्ये पेतार गुबेरिना आणि पॉल रिव्हांक या भाषातज्ज्ञांची दृक्-श्राव्य पद्धत आली. भिंतीवर फिल्मपट्टीतलं एक चित्र, टेपवर एक वाक्य, आणि छापील मजकूर सुरुवातीला विद्यार्थ्याच्या हातीच द्यायचा नाही. मीही तसाच शिकलो. छत्री घेतलेला माणूस दिसायचा, टेपवर 'इल प्लू', म्हणजे पाऊस पडतोय. आमच्यातल्या निम्म्यांनी 'प्लू' म्हणजे छत्री असं धरलं आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

त्याच्या कितीतरी आधी, १६५८ साली, कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने न्युरेंबर्गला लॅटिन-जर्मन सचित्र पुस्तक छापलं. त्यात चित्रातल्या वस्तूंना आकडे आहेत आणि तेच आकडे मजकुरातल्या शब्दांना. चित्राला शब्दापासून सुटं सोडलं नाही, हे त्या माणसाचं मोठेपण. माझं मत चाफाच्या बाजूने. नुसतं चित्र फसवतं.

साकुरा_नाशिक :
काका, जपानीत नुसत्या शब्दानेच फसायला होतं. 'देणे'ला दोन क्रियापदं : मी दुसऱ्याला दिलं तर 'आगेरु', दुसऱ्याने मला दिलं तर 'कुरेरु'. मराठी अर्थ लिहिला तर दोन्हीकडे 'देणे'च. दोन माणसं आणि मधे बाण, असं चित्र काढलं की गोंधळ संपतो. 'कोरे-सोरे-आरे'ही तसंच : माझ्याजवळचं, तुझ्याजवळचं, दोघांपासून लांबचं. जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेत एन-फाइव्हला, म्हणजे सगळ्यांत सोप्या पातळीला, ऐकण्याच्या भागातही चित्रं असतात. बाण ज्याच्याकडे आहे, तो काय म्हणेल, हे ओळखायचं.

श्टुटगार्टहून :
चाफाला माझा पाठिंबा, अनुभवाने. मी खाली मजकूर येणारे व्हिडिओ बघून बी-वनपर्यंत, म्हणजे तिसऱ्या पातळीपर्यंत आलो. इथे पहिल्याच महिन्यात दाताच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला फोन केला. पलीकडच्या बाई काय विचारताहेत ते तीनदा ऐकूनही कळेना. चेहरा नाही, ओठ नाहीत, खाली अक्षरं नाहीत. शेवटी फोन ठेवला आणि चालत जाऊन वेळ घेतली. रेल्वे फलाटावरची घोषणाही अशीच, नुसता आवाज. मी वाचत होतो आणि मला वाटत होतं ऐकतोय.

खडूफळा :
श्टुटगार्टकर, हे मला लागलं. माझ्या वर्गात अक्षरं कायम चालू असतात, कारण बंद केली की मुलं कुरकुरतात. या शनिवारी पडदा झाकून आधी नुसता आवाज लावते, चित्र दुसऱ्या वेळी.
चाफाताई, सुरीचं राहिलं. मी फोटोला रंगीत चौकट देते : 'डेअर' निळा, 'डी' लाल, 'दास' हिरवा.

चाफा :
ताई, पण तो रंग तुम्ही दिलात, फोटोने नाही. बाटलीचा व्हिडिओ मात्र मान्य, बाईंना तो सुचवणार आहे. वीस सेकंदांचाच.