लीड्समध्ये गॅरंटरशिवाय खोली कशी मिळवावी?

खिडकीपाशी: सप्टेंबरपासून लीड्सला एमएस्सी. बजेट महिन्याला 600 पौंड, वीज-पाणी-इंटरनेट धरून. एजंट यूकेत राहणारा गॅरंटर मागतोय. बाबांचा पगार भारतातला, तो चालत नाही म्हणे. सहा महिन्यांचं भाडं आगाऊ भरायची तयारी आहे. काय करावं?

दर्यावर्दी: आगाऊ भाड्याची वाट आता बंद झाली आहे. इंग्लंडमध्ये 1 मे 2026 पासून करारावर सही होण्याआधी घरमालकाला भाडं मागता येत नाही, कुणी स्वतःहून दिलं तरी घेता येत नाही. सहीनंतर, राहायला जाईपर्यंत, फार तर एका महिन्याचं. त्यामुळे ‘सहा महिन्यांचे पाठवा, खोली धरून ठेवतो’ असं कुणी म्हणालं तर पैसे पाठवू नका. विद्यार्थ्यांसाठीच बांधलेल्या आणि सरकारमान्य आचारसंहितेत सामील असलेल्या खासगी इमारतींना हा नियम लागू नाही.

सोनचाफा: मग त्याच इमारतींत स्टुडिओ घे. हप्ते पाडून मागितले की गॅरंटर मागतात, एकरकमी भरलं की बहुतेक ठिकाणी मागत नाहीत. बजेट हजारापर्यंत ताण, स्वतःचं स्वयंपाकघर मिळतं.

खिडकीपाशी: 600 च्या वर जमणार नाही.

उंबरठा: आधी विद्यापीठाच्या हॉलचा (वसतिगृहाचा) अर्ज भर, तिथे सहसा गॅरंटर लागत नाही. भाडं आठवड्याचं सांगतात आणि मुलं चारने गुणून फसतात. 138 पौंड आठवड्याला म्हणजे 552 नव्हे. 52 ने गुणून 12 ने भागायचं: 598. करार किती आठवड्यांचा तेही बघ.

रातराणी: गॅरंटर होणाऱ्या कंपन्या आहेत, हाऊसिंग हँडसारख्या. फी भरायच्या आधी एजंटकडून ईमेलवर लिहून घ्यायचं की हीच कंपनी चालेल. आणि हा विमा नव्हे. कंपनी मालकाला थकबाकी देते आणि मग तुमच्याकडून वसूल करते.

उंबरठा: हॉलच बरा. फी नाही, गॅरंटर नाही.

दर्यावर्दी: चारजण मिळून घर घेणार असाल तर करार एकत्र आहे की खोलीनिहाय, हे वाचा. एकत्र करारात एकाने भाडं बुडवलं तर बाकीच्यांवर आणि गॅरंटरवर सगळ्या घराची थकबाकी येते. कुणी नातलग गॅरंटर व्हायला तयार असेल तर ‘फक्त हिच्या हिश्श्यापुरतं’ हे वाक्य हमीपत्रात घालून घ्या.

काजवा: स्कॉटलंडमध्ये अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापर्यंत घेऊ शकतात, तयारी ठेवा.

दर्यावर्दी: प्रश्न लीड्सचा आहे. इंग्लंडमध्ये पाच आठवडे ही कमाल मर्यादा. 138 च्या खोलीला 690 पौंड, आणि ती 30 दिवसांत सरकारमान्य अनामत-संरक्षण योजनेत सुरक्षित व्हायलाच हवी. खोली राखायचे पैसे वेगळे, तेही एका आठवड्याच्या भाड्याइतकेच.

काजवा: स्कॉटलंडला जाणारेही हा धागा वाचतात, म्हणून लिहिलं.

मोगरीण: युनिपॉलची यादी बघितलीस का? लीड्समधली विद्यार्थी-घरांची धर्मादाय संस्था आहे. हाईड पार्क, हेडिंग्लीतल्या जाहिराती तिथे मिळतील. घर कुणाच्या नावावर आहे ते लँड रजिस्ट्रीवर 7 पौंडांत कळतं. पैसे पाठवण्याआधी तेवढे खर्च कर.

रातराणी: मालकाच्याच घरात पेइंग गेस्ट म्हणून मात्र जाऊ नकोस, तिकडे लॉजर म्हणतात. अनामत योजनेत ठेवायचं बंधन त्याला नाही. पुरेशी नोटीस दिली की कोर्टात न जाता खोली सोडायला सांगू शकतो.

उंबरठा: +1. हॉल!

खिडकीपाशी: सगळ्यांचे आभार. हॉलची खोली 51 आठवड्यांच्या कराराने बजेटबाहेर जाते. मी लॉजरचीच खोली घेतेय. बिलं धरून 540, गॅरंटर नाही. मालकीणबाई एकट्या राहतात. पूर्णवेळ विद्यार्थी कौन्सिल टॅक्ससाठी (आपल्या घरपट्टीसारखा स्थानिक कर) मोजला जात नाही, म्हणून त्यांची एकट्या राहणाऱ्याची 25 टक्के सवलत टिकते. हे सांगितल्यावर त्या लगेच तयार झाल्या. दोन्ही बाजूंनी 28 दिवसांची नोटीस लेखी घेतली आहे. अनामत 200 पौंडांवर आणली.

रातराणी: तरी मला पटत नाही. लेखी आहे तेवढं बरं.

मोगरीण: शेअर कोड (तिथे भाड्याने राहायचा हक्क घरमालकाला दाखवणारा ऑनलाइन कोड) भारतातून निघायच्या आधी काढ, 90 दिवस चालतो. किल्ली मिळाली की सामान उघडण्याआधी गादीच्या दोन्ही बाजू, खिडकीच्या चौकटीतली काळी बुरशी आणि गालिच्यावरचे डाग यांचे फोटो काढून त्याच दिवशी त्यांना ईमेल कर. व्हॉट्सअॅपवर नको, ईमेलच.