टर्कीचा माउथ कॉल घरी बनवायचा तर रबर कोणतं घ्यावं?

सस्क्वेहानाकाठ (धागाकर्ता)

दर मे महिन्यात मी पहाटे साडेचारला पेनसिल्व्हेनियातल्या एका डोंगरावर ओकच्या झाडाला पाठ टेकून बसलेला असतो. आमच्या राज्यात वसंतातली टर्की या रानपक्ष्याची शिकार फक्त हाक घालूनच करता येते. पक्ष्याच्या मागे दबकत जायला बंदी आहे आणि बॅटरीवर वाजणारे कॉलही, म्हणजे हाकेचा आवाज काढायची साधनं, चालत नाहीत. मादीचा आवाज काढायचा, नर त्याला फसला तर येणार, नाहीतर दुपारी रिकाम्या हाताने घरी. सगळा खेळ आवाजाचाच आहे. तो आवाज दुकानातून पाकीट फोडून आणायचा, हे मला पटत नाही, म्हणून गेली सहा वर्षं कॉल घरीच बनवतो.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. घोड्याच्या नालेसारखी ॲल्युमिनियमची पातळ चौकट, तिच्यात ताणून बसवलेला रबराचा पडदा, भोवती टेप. हे टाळूला टेकवायचं, खालून जीभ लावायची आणि पोटातून हवा सोडायची. दोन्ही हात मोकळे राहतात. नर वीस पावलांवर आला की हात हलवायची सोय नसते, त्यामुळे या मोकळ्या हातांना फार किंमत आहे.

माझं मत स्पष्ट आहे: नैसर्गिक लॅटेक्स (झाडाच्या चिकाचं रबर), जाडी ०.००३ इंच, दोन थर, आणि एकाच थराला इंग्रजी व्हीसारखा काप. मादीची हाक दोन तुकड्यांची असते. आधी स्वच्छ उंच सूर, मग तो फुटून खाली खरखरीत पडतो. पातळ रबर थोड्या हवेवर फुटतं. ०.००५ चं जाड रबर घेतलं की नवशिका गाल फुगवून फुंकतो आणि सूर फुटतच नाही. सिलिकॉन टिकतं खूप, पण मला त्याच्यात घसा बसल्यासारखी खरखर कधी मिळाली नाही.

माझं आजोळ दोडामार्गचं. तिथल्या रबराच्या बागांमध्ये झाडाला तिरकी चीर देऊन चीक वाटीत जमवताना पाहिलंय. तोच पदार्थ इथे तोंडात धरून हाक घालतो, याचा मला मनापासून आनंद आहे.

ब्लूरिजची_पहाट

आजोळाची गोष्ट आवडली, पण मुद्दा चुकतोय. जाडी ही दुय्यम गोष्ट आहे, आवाज ठरतो तो ताणावर. एकाच तावातून कापलेल्या दोन पट्ट्या घ्या. एक जेमतेम सपाट होईल इतकीच ओढा, दुसरी कडक ताणा. पहिलीतून म्हाताऱ्या मादीचा घोगरा आवाज येईल, दुसरीतून किरटी शिट्टी. जाडी तीच, रबर तेच!

आडवा ताण (चौकटीच्या एका बाजूकडून दुसरीकडे) आणि मागचा ताण (पुढून मागे) वेगळा असतो, हेही घरी बनवणारे बहुतेक लोक लक्षात घेत नाहीत. बोटांनी अंदाजे ओढून चौकट मिटवायची आणि मग दोष रबराला द्यायचा. साच्याशिवाय घरी एकसारखे दोन कॉल निघत नाहीत. मी दुकानातलेच घेतो, कारण एक आवडला तर दुसरा तसाच मिळतो. मे महिन्यातल्या चार शनिवारांत प्रयोग करायला मला वेळ नाही.

दातांची_डॉक्टर_एनजे

मी शिकार करत नाही, नवरा करतो. त्याच्यासाठी हा धागा वाचला आणि काळजी वाटली. आवाजावर इतकं लिहिलंय, पण ही वस्तू तोंडात तासन्‌तास राहते याबद्दल एक ओळ नाही.

पूर्वीपासून लोक कंडोमचं रबर कापून कॉल बनवत आले आहेत, आजही पातळ रबराला त्यावरूनच नाव आहे. पण त्यावर वंगण असतं, कशावर शुक्रजंतुनाशकही असतं. ते तोंडात घालायची गोष्ट नव्हे. आमच्याकडे रूट कॅनालच्या वेळी वापरतात तो लॅटेक्सचा ताव काही जण मागतात. तो स्वच्छ असतो, पण पातळातला पातळही साधारण ०.१५ मिलिमीटर, म्हणजे तुमच्या ०.००३ इंचाच्या जवळजवळ दुप्पट. सोड्याच्या डब्यातून कापलेल्या चौकटीची धार टाळू कापते. जुने शिशाच्या चौकटीचे कॉल कुणाकडे असतील तर ते तोंडात घालूच नका. आणि विजेच्या कामाची टेप? तिच्यातला चिकटा लाळेत विरघळत नाही याची खात्री कोण देणार?

लॅटेक्सची ॲलर्जी हाही खरा धोका आहे. ओठ सुजले, जीभ खाजली तर ‘सवय होईल’ म्हणू नका, तिथेच थांबा. अशा माणसाने नैसर्गिक रबराच्या वाटेला जाऊच नये, मग सूर कसाही फुटो.

सस्क्वेहानाकाठ

डॉक्टर, टेप आणि चौकटीबद्दल तुमचं शंभर टक्के मान्य. पहिल्या वर्षी मी घरातलीच टेप लावली होती आणि दोन दिवस टाळू सोललेली होती. आता चौकटी आणि टेप कॉल बनवणाऱ्यांसाठीच्या तयार आणतो, रबरही कोऱ्या तावाचं, काहीही न लावलेलं. घरचं म्हणजे हाताशी पडलेल्या कशाचंही, असं मी म्हणत नाही. ताणणं, कापणं आणि जुळवणं माझं.

ब्लूरिज, तुम्ही ताणाचा मुद्दा काढलात म्हणून माझी रीत सांगतो. ताणायच्या आधी रबरावर बॉलपेनाने बरोबर एक सेंटिमीटरवर दोन ठिपके देतो. लाकडाच्या फळीला दोन चिमटे बसवलेत. ठिपक्यांमधलं अंतर ११ मिलिमीटर झालं की चौकट मिटवायची आणि पकडीने दाबायची. १२ झालं तर आवाज लहान पिल्लाचा येतो. दहा कॉलमधले सात तरी एकमेकांना ओळखतात. साचा दुकानालाच लागतो असं नाही.

व्हरमाँटचा_सुतार

एवढी मेहनत एका हंगामापुरती? लॅटेक्स उन्हाने, उष्णतेने मरतं. वाळवून फ्रिजमध्ये ठेवा, थरांमध्ये दातकोरणं घाला, तरी पुढच्या वर्षी चिकट झालेलं निघतं.

मी पंखाच्या हाडांचा कॉल वापरतो. टर्कीच्या पंखातली तीन हाडं उकळून, आतला मगज काढून, एकात एक बसवायची. फुंकायचं नाही, ओठ चिमटून हवा आत ओढायची. अमेरिकेचे मूळ रहिवासी हे युरोपियन यायच्या आधीपासून करत आलेत. माझा कॉल नऊ वर्षांचा आहे. रबर नको, टेप नको, ॲलर्जीचा प्रश्न नाही. हात अडकतो हे खरं, पण नर जवळ आल्यावर हाक घालायचीच कशाला? गप्प बसावं.

माणदेशी

मला हा सगळा धागाच खटकतो. आमच्याकडे फासेपारधी तितराला हुबेहूब हाक घालून बोलवत. ती कला पोटासाठी होती, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधनं आल्यावर तेच लोक गुन्हेगार ठरले. तुम्ही सुखवस्तू माणसं, विणीच्या हंगामात मादीचा खोटा आवाज काढून नराला मारता आणि रबराच्या जाडीवर वाद घालता. मला हे योग्य वाटत नाही.

ब्लूरिजची_पहाट

पारध्यांबद्दल तुम्ही म्हणता तो अन्याय खराच आहे. पण इथली गोष्ट वेगळी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जंगलतोड आणि बेसुमार शिकारीने रानटर्की बहुतेक राज्यांतून नाहीशी होत चालली होती. १९३७ च्या पिटमन–रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांकडे वळवला, मग जाळ्यात धरलेले पक्षी पुन्हा रानात सोडले गेले. त्या पैशात शिकाऱ्याचा वाटा मोठा आहे. वसंतात मारायचा तो छातीवर केसाळ दाढी असलेला पक्षी, म्हणजे जवळजवळ नेहमी नरच.

तरी तुमच्या विणीच्या मुद्द्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. दक्षिणेत अलीकडे टर्की घटतेय, म्हणून काही राज्यांनी हंगाम उशिरा सुरू करायला घेतलाय, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो.

एक मात्र इथे लिहायलाच हवं, कारण घरी कॉल बनवणारे नवशिके हे वाचतील. तुमचा आवाज जितका खरा, तितका तो दुसऱ्या शिकाऱ्यालाही खरा वाटतो. लाल, पांढरं, निळं काहीही अंगावर नको, नराचं डोकं त्याच रंगांचं असतं. खांद्यांपेक्षा रुंद खोडाला पाठ लावा. कुणी माणूस येताना दिसला तर हात हलवू नका, कॉल तर मुळीच वाजवू नका. मोठ्याने माणसासारखं बोला.

सस्क्वेहानाकाठ

हे मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. धन्यवाद.

माणदेशी, तुमचा राग मी झटकून टाकत नाही. गेल्या मे महिन्यात सलग तीन पहाटा मी एका नराशी बोलत होतो. तिसऱ्या दिवशी तो समोर आला, पिसारा फुलवून उभा राहिला, आणि मी बंदूक उचलली नाही. दर वेळी तसं करतो असं नाही. त्याआधीच्या वर्षीचा पक्षी आम्ही घरी शिजवून खाल्ला.

ब्लूरिज, तुमचा पत्ता निरोपात कळवा. ११ मिलिमीटरवर ताणलेले दोन कॉल पाठवतो, एक ०.००३ चा, एक ०.००५ चा, कोणता कुठला ते न लिहिता. वाजवून सांगा.

ब्लूरिजची_पहाट

पाठवा. मागचा ताणही दोन्हींचा सारखाच ठेवा, नाहीतर निकाल मानणार नाही.